फ्यूज उडतोय म्हणून लगेच मॉसफेट बदलू नका

भाऊ, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. चुकत असेल तर सांगा. स्विफ्टमध्ये पुढच्या सीटखाली चार चॅनलचा ॲम्प आहे. पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरना, आणि मागच्या दोन चॅनलवर ब्रिज करून (म्हणजे दोन चॅनल मिळून एकच करून) दिवाळीत डबल कॉइलचा सबवूफर लावला. एप्रिलपासून मधेच ॲम्पचा लाल दिवा (प्रोटेक्शनचा) लागायचा, बंद करून चालू केलं की परत वाजायचं. मे महिन्यात लाल दिवा जाईचना, आणि एक दिवस २५-२५ चे दोन्ही फ्यूज उडाले. तुम्ही ४० चे टाकले, जळका वास आला, आणि आता दिवाही लागत नाही. दुकानदार म्हणतो भंगारात टाका, नवीन घ्या. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग आयर्न आहे, आणि विचारताय की पॉवर सप्लायचे मॉसफेट (बॅटरीचा करंट भराभर चालू-बंद करणारे ट्रांझिस्टर) बदलले तर ॲम्प चालू होईल का.

मॉसफेट बदलावे लागतीलच, ते गेलेत यात मला फारशी शंका नाही. पण नुसते तेच बदलले तर नवेही चालू करताक्षणी जातील. नागपुरात कार ऑडिओच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली, आणि घरी एकदा उघडून झालेले जे ॲम्प माझ्या टेबलावर येतात त्यांत नवे कोरे पण शॉर्ट झालेले मॉसफेट नेहमी दिसतात. पॉवर सप्लायचे मॉसफेट सहसा आपणहून मरत नाहीत, पुढे कुणीतरी त्यांच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतो तेव्हा मरतात. तो ओढणारा कोण हे शोधायचं आणि मग सोल्डरिंगला हात घालायचा.

आधी कशाकशावर अवलंबून आहे ते सांगतो. तुमचा ॲम्प क्लास एबी असेल तर घरी जमण्यासारखं काम आहे. तळाचं झाकण काढा. दोन्ही बाजूंच्या हीटसिंकला तीन पायांच्या मोठ्या ट्रांझिस्टरची रांग पट्टीनं दाबलेली असेल, मधे तांब्याची तार गुंडाळलेलं एक गोल ट्रान्सफॉर्मर असेल, आणि बाकी पार्ट डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतील तर एबी समजा. स्पीकरच्या टर्मिनलजवळ आणखी जाड कॉइल असतील आणि बोर्डावर तांदळाच्या कणीएवढे पार्ट चिकटवलेले असतील तर तो क्लास डी. तो पहिल्यांदाच हातात घेऊ नका, ऑसिलोस्कोपशिवाय त्यात चाचपडणंच होतं. बोर्ड काळा पडून कोळसा झाला असेल, किंवा पावसाचं पाणी कार्पेटखाली साचून हिरवा गंज पायांच्या मुळापर्यंत गेला असेल, तरी दुकानदाराचंच ऐका. जुना ॲम्प क्लास एबी असण्याची शक्यता जास्त, म्हणून पुढचं सगळं तसं धरून लिहितो.

आता तुमच्या लिहिण्यातली मला खटकलेली गोष्ट: सबवूफर. डबल कॉइल म्हणजे बहुतेक ४+४ ओहम. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात. चार चॅनलचे ॲम्प ब्रिजमध्ये साधारणपणे ४ ओहमपर्यंतच चालतात, कारण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला अर्धाच लोड दिसतो. ४ ओहमचा सब लावला तर चॅनलला २ दिसतात, आणि २ ओहमचा लावला तर १. दिवाळीच्या थंडीत ते कसंबसं निभावलं. एप्रिलमध्ये ऊन वाढलं तसा लाल दिवा लागायला लागला, तो ॲम्प तेव्हाच ओरडून सांगत होता. बंद-चालू करून तुम्ही त्याला परत परत त्याच लोडवर ढकलत गेलात.

म्हणून सगळ्यात आधी सबच्या तारा ॲम्पपासून सोडवा आणि त्या टोकांवर मल्टिमीटर ओहमला लावून मोजा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो. ४ ओहमच्या कॉइलला साडेतीनच्या आसपास. तुमच्या तारांवर पावणेदोनच्या आसपास आला तर माझा अंदाज बरोबर. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय येतं ते बघा आणि तेवढं वजा करा, स्वस्तातल्या मीटरच्या वायरच अर्धा ओहम खातात. मग तारेचं एक टोक आणि गाडीची बॉडी यांच्यातही मोजा. तिथं काहीही जोड दिसायला नको. सीटच्या पटरीखाली तार घासून बॉडीला टेकलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की पुढच्या दारांच्या स्पीकरच्या ताराही अशाच तपासा म्हणेन.

ॲम्प काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर देते, आणि अंगठी लाल व्हायला वेळ लागत नाही. ॲम्पच्या आतले मोठे कपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सनं डिस्चार्ज करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय असेल तर सोडा. आत प्लस आणि मायनस अशा दोन रेल (आतल्या पुरवठ्याच्या लाइन) असतात, तीस-पस्तीस व्होल्टच्या दोन रेलमध्ये मिळून साठ-सत्तर व्होल्ट होतात.

उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. पट्ट्या, स्क्रू, ट्रांझिस्टरच्या मागचे मायका किंवा रबरी पॅड कुठं कसे होते हे नंतर आठवत नाही.

आता ॲम्पच्या बॅटरी प्लस आणि ग्राउंड टर्मिनलमध्ये ओहम मोजा. चांगल्या ॲम्पमध्ये आकडा कमी सुरू होऊन वर चढत जातो, कारण कपॅसिटर चार्ज होतात. तुमच्याकडे एका ओहमच्या खाली चिकटून बसेल असं वाटतं. तसं असेल तर दोनच गोष्टी शक्य आहेत: टर्मिनलजवळचा उलट पोलॅरिटीचा जाड डायोड शॉर्ट, नाहीतर मॉसफेट शॉर्ट. डायोडचा एक पाय उचलून परत मोजला की निकाल लागतो. कुणी कधी बॅटरी उलटी जोडली नसेल तर डायोड बहुतेक ठीक निघतो.

मॉसफेटमध्ये नेमका कोणता गेला हे न काढताही कळतं, आणि ही युक्ती फार कमी लोक वापरतात. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. एका बाजूचे सगळे मॉसफेट पॅरलल असतात, त्यामुळे एक शॉर्ट झाला की ड्रेन-सोर्सवर सगळेच शॉर्ट दिसतात आणि माणूस गोंधळतो. तुम्ही गेट आणि सोर्समध्ये मोजा. प्रत्येक गेटला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, समजा ४७ ओहमचा. मेलेल्या मॉसफेटचे तिन्ही पाय आतून वितळून एक झालेले असतात, म्हणून त्याच्याच पायांवर शून्याच्या जवळ येईल. त्याच्या शेजारच्या धडधाकट मॉसफेटवर मात्र दोन रेझिस्टन्स मिळून ९४ च्या आसपास येईल, कारण मीटरचा करंट स्वतःच्या रेझिस्टन्समधून जाऊन मेलेल्याच्या रेझिस्टन्समधून ग्राउंडला पोचतो. शेजाऱ्यावर ९४ पेक्षा फारच जास्त आलं तर मेलेल्याचा गेट रेझिस्टन्स जळून ओपन झाला असणार, तोही बदला. आणि ड्रेन ते बॅटरी प्लस शून्य येतंय म्हणून घाबरू नका, मधे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी आहे, तिथं शून्यच यायचं.

इथवर मेलेले कोण ते कळलं. मारणारा शोधायला आउटपुटकडे, म्हणजे स्पीकरला करंट देणाऱ्या ट्रांझिस्टरकडे जा. मीटर डायोड मोडवर. प्रत्येक आउटपुट ट्रांझिस्टरचा कलेक्टर-एमिटर बघा, बीप झाली की शॉर्ट. तुमच्याकडे चार चॅनल आहेत ही मोठी सोय आहे, कारण दारातल्या स्पीकरचे दोन चॅनल बहुतेक शाबूत असतील. त्यांचं रीडिंग कागदावर लिहा आणि मागच्या दोन चॅनलचं त्याच्याशी ताडून बघा. आकडा बरोबर काय यायला हवा हे माहीत नसलं तरी चालतं, फरक दिसला की तिथं बोट ठेवायचं. पांढऱ्या सिमेंटचे एमिटर रेझिस्टन्स, ०.१ ते ०.३३ ओहमचे, तेही तपासा, ट्रांझिस्टर शॉर्ट झाला की त्यातला एखादा ओपन निघतोच. ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या कपॅसिटरच्या मधले तीन पायांचे दोन रेक्टिफायर डायोडही बघून घ्या, ते शॉर्ट झाले तर तक्रार हुबेहूब अशीच येते.

म्हणजे माझा अंदाज असा: सबच्या २ ओहममुळे मागच्या एखाद्या चॅनलचा आउटपुट शॉर्ट झाला, लाल दिवा कायमचा लागला, मग मॉसफेट गेले, मग फ्यूज. ४० च्या फ्यूजनं एकच केलं: २५ वर थांबला असता तो करंट थांबू दिला नाही. मॉसफेटच्या सोर्सजवळच्या बोर्डावरच्या पट्ट्या नीट बघा, फुगून उचलल्या असतील तर जाड तार टाकून जोडाव्या लागतील.

आता पार्ट. बर्डीवर (नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात) सगळं मिळतं, प्रश्न खऱ्या-खोट्याचा आहे. आउटपुटला ५२०० आणि १९४३ या नंबरच्या ट्रांझिस्टरची जोडी असेल तर जास्तच सांभाळून, कारण या नंबरांचा नकली माल बाजारात भरपूर आहे. मी नव्या ठिकाणाहून घेतो तेव्हा एक नग जादा घेतो आणि पक्कडनं फोडून बघतो. आतली सिलिकॉनची चकती टिकलीएवढीच निघाली तर सगळे परत. थिनरच्या बोळ्यानं छपाई पुसून येते का तेही बघा. मॉसफेट जे नंबरचे निघाले तेच टाका, आणि दोन्ही बाजूंचे सगळे एकाच वेळी, एकाच लॉटचे. आयआरएफझेड४४ च्या जागी ‘जास्त ताकदीचा’ म्हणून आयआरएफ३२०५ टाकायचा मोह होतो. तो ११० अँपिअरचा आहे हे खरं, पण त्याच्या गेटचा कपॅसिटन्स साधारण दुप्पट आहे. जुन्या ड्रायव्हरला तो वेळेत चालू-बंद करता आला नाही की मॉसफेट विनाकारण तापतो. कपॅसिटर बदलणार असाल तर १०५ डिग्रीचेच घ्या. आपल्याकडे मेमध्ये बाहेरच ४५ च्या वर असतं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, तिथं ८५ डिग्रीचा कपॅसिटर लवकर वाळतो.

पार्ट काढायला २५ वॅटचं आयर्न पुरणार नाही. ग्राउंडची जाड पट्टी सगळी उष्णता ओढून घेते, तुम्ही दाबत बसता आणि पट्टीच उचलली जाते. ६० वॅटचं घ्या, जुन्या सोल्डरवर थोडं नवं सोल्डर लावा, मग पंपानं ओढा. खराब पार्टचे पाय आधी कटरनं कापून एकेक पाय काढला तर बोर्ड वाचतो. आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हे करत असाल तर कूलरचा झोत बोर्डावर येऊ देऊ नका. सोल्डर वरून चमकतं, आत ड्राय राहतं.

खराब मॉसफेट काढले की लगेच नवे बसवायचे नाहीत, ही माझी एकच सक्ती. मॉसफेटच्या जागा रिकाम्या असताना बोर्डाला १२ व्होल्ट द्या, आणि प्लसच्या तारेत गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये टाका. काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि करंट पाच अँपिअरच्या आसपासच अडकेल, बोर्ड वाचेल. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब इथं चालत नाही, तो व्होल्टेज इतकं पाडतो की ॲम्प कमी व्होल्टेज समजून बंद होतो. कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस असेल तर त्याची पिवळी-काळी १२ व्होल्टची जोडी वापरा, बल्ब तरीही हवाच. रिमोटच्या टर्मिनलला (स्टिरिओकडून ॲम्प चालू करणारी तार लागते तिथं) प्लस जोडायला विसरू नका, नाहीतर ॲम्प उठणारच नाही आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

बहुतेक ॲम्पमध्ये पल्स देणारा आयसी टीएल४९४ किंवा त्याचाच भाऊ केए७५०० असतो. पिन ७ ग्राउंड. पिन १२ वर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज, पिन १४ वर ५ व्होल्ट यायला हवेत. पिन १४ वर ५ नसतील तर आयसीच गेला. पिन ४ वर व्होल्टेज चढलेलं असेल तर प्रोटेक्शन सर्किटनं त्याला मुद्दाम झोपवलंय, तेव्हा आउटपुटकडे परत जा, आयसीला दोष देऊ नका. सगळं ठीक असेल तर दोन्ही बाजूंच्या गेटच्या रिकाम्या पॅडवर डीसी मोडमध्ये साधारण ४ ते ५ व्होल्ट दिसतात. चौकोनी पल्सची ती सरासरी. आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या येणं महत्त्वाचं. एका बाजूला शून्य किंवा दहा-बारा चिकटून असतील तर त्या बाजूचा छोटा ड्रायव्हर ट्रांझिस्टर गेलाय. या अवस्थेत मॉसफेट बसवले की पैसे गेले.

पल्स नीट मिळाल्यावर मॉसफेट बसवा, पण खराब चॅनलचे आउटपुट अजून बाहेरच. आणि चालू करण्याआधी सगळे ट्रांझिस्टर पेस्ट लावून, मायका ठेवून हीटसिंकला पट्टीनं आवळलेले हवेत. ‘एक मिनिट बघतो फक्त’ म्हणून मोकळ्या बोर्डावर चालू केलं की त्या मिनिटातच काम संपतं. आवळल्यावर प्रत्येक ट्रांझिस्टरचा धातूचा पाठभाग आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावा. बीप झाली तर मायका फाटलाय किंवा खाली सोल्डरचा कण आलाय. चालू केल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझायला किंवा मंद व्हायला हवा. भक्क पेटून राहिला तर लगेच बंद. विझला तर प्लस आणि मायनस रेल मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

मग आउटपुट बसवा, त्यांच्यामागचे छोटे ड्रायव्हर ट्रांझिस्टर तपासून. स्पीकर न लावता चारही चॅनलच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. एखाद्यावर काही व्होल्ट आले तर तो चॅनल अजून दुरुस्त नाही, आणि त्यावर लावलेला स्पीकर जळेल. पहिला आवाज ऐकायला घरातला टाकाऊ स्पीकर लावा, दारातला चांगला नको. आरसीए सॉकेटच्या (स्टिरिओकडून सिग्नल येतो त्या) पायांवर एकदा नव्यानं सोल्डर फिरवा, खड्ड्यांच्या रस्त्यावर ते तडकतातच.

गाडीत परत बसवताना फ्यूज २५-२५ चेच. बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत प्लसच्या तारेत वेगळा मेन फ्यूज आहे का बघा, नसेल तर टाका. तो तारेसाठी असतो, ॲम्पसाठी नाही. ग्राउंडच्या बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा. किटमधली तार तांब्याची आहे की वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम, हे टोक सोलून ब्लेडनं खरवडलं की कळतं, पांढरं दिसलं तर तिच्यावर फार भरवसा नको. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ असतात. मोठ्या आवाजात बास वाजताना ॲम्पच्या टर्मिनलवर त्यातलं किती पोचतं ते मोजा. ११ च्या खाली जात असेल तर तार किंवा ग्राउंड सुधारा, नाहीतर लाल दिवा परत येईल आणि तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडाल. जागाही बदला. सीटखाली, कार्पेटमध्ये रुतलेल्या ॲम्पला हवा मिळत नाही. डिकीत मोकळ्या पाटीवर बसवा, वर सामान येणार नाही असा.

सबच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा. ४+४ असेल तर ८ ओहम होतात, आवाज थोडा उतरेल, ॲम्प गार राहील. तेवढा बास पुरत नसेल तर २+२ कॉइलचा सब घेऊन सिरीजमध्ये ४ करता येतो, किंवा सबसाठी वेगळा मोनो ॲम्प. या चार चॅनलवर २ ओहम मात्र पुन्हा नको.

पार्ट आणायला बर्डीवर जाण्याआधी मला एवढे आकडे पाठवा: सबच्या तारांवरचा ओहम, बॅटरी प्लस-ग्राउंडमधला ओहम, दोन्ही बाजूंच्या प्रत्येक मॉसफेटचा गेट-सोर्स, आणि चारही चॅनलच्या आउटपुटचे डायोड मोडमधले आकडे. सोबत झाकण काढलेल्या बोर्डाचा उजेडातला एक फोटो, मॉसफेटचे नंबर वाचता येतील असा. त्यावरून काय-काय आणायचं याची यादी करून देतो.